ठकूचा सलाम

कापडातला दोष मला लांबूनच दिसतो. बढाई मारत नाही, माझं पोटच त्यावर चालतं. गिरणीत तपासणीच्या टेबलावर मी अकरा वर्षं बसतेय. काचेखाली दिवे, काचेवरून सरकणारं कापड आणि पायाखाली पेडल. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काहीही दिसलं की पेडल दाबून कापड थांबवायचं, खडूने खूण करायची आणि पुढे सोडायचं. घरी आल्यावरही डोळ्यांची खोड जात नाही. दादाच्या शर्टाची उसवलेली शिवण, वहिनीने तिरका लावलेला पडदा, सगळं मला दिसतं आणि मी ते बोलूनही दाखवते. वहिनी म्हणायची, बारकी घरात आली की भिंतीसुद्धा पोट आत घेऊन उभ्या राहतात. बारकी म्हणजे मी.

अशा या माझ्या डोळ्यांदेखत माझ्या भाचीला झटके येत होते, आणि मी गंमत म्हणून त्यांची फिल्म काढत होते.

कॅमेरा दादाने आणला होता, ठकू जन्मली त्या आठवड्यात. छोट्या टेपचा, एका हातात मावणारा. दादा पावाची गाडी चालवतो, पहाटे जातो आणि दुपारी येतो, त्यामुळे दोन दिवस मिरवून झाल्यावर कॅमेरा माझ्या हाती आला तो आलाच. मला त्यातल्या इफेक्टचं वेड लागलं. एका इफेक्टने चेहऱ्याचे चौकोनी ठोकळे व्हायचे, एकाने हलत्या हातामागे धुरकट शेपटी यायची. माझा सगळ्यात लाडका 'जुना सिनेमा'. चित्र तपकिरी व्हायचं, वर-खाली काळ्या पट्ट्या यायच्या आणि माणसं तुटक तुटक, धक्के खात चालायची. त्यात दादा नुसता पाण्याचा तांब्या घेऊन आला तरी आम्ही हसून हसून लोळायचो.

पाच महिन्यांची होत आली तशी ठकूने झोपेतून उठल्यावर एक नवीनच प्रकार सुरू केला. मान एकदम खाली टाकायची, दोन्ही हात बाजूला उडवायची आणि छातीशी आणायची. जरा थांबायची आणि पुन्हा तेच. दादा म्हणाला, सलाम ठोकतेय लेक माझी. झालं, नाव पडलं. मग कुणी घरी आलं की आम्ही ठकू उठायची वाट बघायचो. मी 'जुना सिनेमा' लावून तयार असायचे आणि तिला चढवायचे, "अजून एक, ठकू, अजून एक." आणि ती द्यायची.

एका रविवारी दुपारी कॅमेऱ्याची बॅटरी उतरली होती, म्हणून मी नुसतीच तिच्यासमोर बसून होते. ती उठली, पहिला सलाम झाला, दुसरा झाला. हातात काही नसलं की मी मोजत बसते, तशी मोजू लागले. दुसऱ्यानंतर आठ आकडे झाले आणि तिसरा आला. पुन्हा आठ, चौथा. पुन्हा आठ.

गिरणीत नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते. दोष कुठेतरी एकदा दिसला तर सुताचा म्हणायचा. सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा दिसला तर सूत बघत बसू नका, रूळ बघा, यंत्रात काहीतरी बिघडलंय. खेळणारं मूल घड्याळ लावून खेळत नाही. सहाव्या सलामानंतर ठकूचा चेहरा मी नीट पाहिला. तिथे गंमत नव्हती. ती घाबरली होती, आणि प्रत्येक सलामानंतर तिचे ओठ रडायला वाकत होते. माझ्या पायाने फरशीवर पेडल दाबलं. खरंच दाबलं. थांबलं काहीच नाही.

मी हे वहिनीला सांगितलं आणि घरात जे व्हायचं ते झालं. तिने आधी ऐकून घेतलं, मग हातातला कपड्यांचा ढीग पलंगावर आपटला. तुला माणसांतसुद्धा दोषच दिसतात, म्हणाली, आता माझी मुलगी सापडली का खूण करायला? दादा मध्ये पडला आणि दोघींकडून बोलणी खाऊन बाहेर निघून गेला. दोन दिवस वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी मी कामावर निघताना ती दारात येऊन उभी राहिली. तिने मला बाही धरून थांबवलं.

"ती माझ्याकडे बघून हसत नाही गं आता," म्हणाली. "आठवडा झाला. मी कुणाला बोलले नाही."

कोपऱ्यावरचे डॉक्टर पोटात गॅस म्हणाले आणि थेंब दिले. थेंबांनी सलाम थांबले नाहीत. मग ओळखीपाळखीतून लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरबाईंचा पत्ता मिळाला, शहरात तशा त्या एकट्याच. बुधवारी सकाळची वेळ मिळाली.

डॉक्टरबाईंनी ठकूला अर्धा तास पाहिलं. आपलं पोर तेवढा वेळ अगदी शहाण्यासारखं, नखभरही मान हलवली नाही. मग त्यांनी विचारलं, घरी कॅमेरा आहे का, कधी चित्रण केलंय का. मी पिशवीतून कॅमेरा काढला, पिवळी-पांढरी-लाल वायर त्यांच्या टीव्हीला जोडली आणि टेप सुरू केली. मला वाटत होतं, मी पुरावाच घेऊन आलेय.

पडद्यावर तपकिरी ठकू मान टाकत होती. शेजारी तिच्या झबल्याचं बटण लावणारी वहिनीची बोटं तशीच झटके देत होती. मागचा पडदा झटके देत होता. खिडकीतून उडालेला कावळासुद्धा तुकड्यातुकड्यांनी उडाला. आणि या सगळ्यावर माझा आवाज, खिदळणारा, "अजून एक, ठकू, अजून एक." मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

डॉक्टरबाईंनी टेप थांबवायला सांगितलं. "यात सगळेच झटके देतायत," त्या म्हणाल्या. "मी यावरून काय सांगू?"

दादाने हळूच मला विचारलं, हा इफेक्ट पुसता येत नाही का. येत नाही. टेप दाखवताना लावलेला इफेक्ट काढता येतो, चित्रण करतानाच लावला तर तो टेपमध्ये मुरतो. सूत रंगवून मग विणलेल्या कापडासारखं ते, धुऊन उपयोग नाही. मी हे बोलले तेव्हा वहिनीने माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तिने पाहिलं असतं तर मी मान वर केली नसती.

पुढचं डॉक्टरबाईंनी सावकाश सांगितलं. तुम्ही वर्णन करताय तसंच असेल तर त्यांना एका वाईट आजाराची शंका होती. त्यात मूल दिवसागणिक शिकलेलं विसरत जातं, आणि औषध जितकं लवकर तितकं बरं. पण औषधही साधं नाही, उगाच द्यायचं नसतं. खात्री करायला मेंदूचा आलेख काढायला लागतो, मोठ्या हॉस्पिटलात त्याला तीन आठवड्यांची रांग. स्वच्छ चित्रण डोळ्यांनी दिसलं तर त्या स्वतः फोन करून रांग मोडायला लावतील, दुसऱ्याच दिवशी आलेख होईल. पण उद्या गुरुवारी संध्याकाळी पाचला त्या बाहेरगावी निघणार होत्या, दहा दिवसांसाठी. त्याच्या आत चित्रण हवं.

"दोन्ही हात दिसले पाहिजेत, डोळे दिसले पाहिजेत, धूसर नको," त्या म्हणाल्या. "आणि तिला उचलू नका. उचललंत की मला काही कळणार नाही."

हे शेवटचं त्या वहिनीकडे बघून म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ठकू झोपून उठली तेव्हा मी तयार होते. इफेक्ट बंद आहे हे तीनदा बघितलं होतं. खोलीत ट्यूबलाइट होती, पांघरूण काढलेलं होतं, कॅमेरा उशांच्या ढिगावर टेकवला होता. पाच सलाम मिळाले. वहिनीने ठकूला उचललं आणि मी छोट्या पडद्यावर एकेक चित्र पुढे सरकवत बघू लागले. ठकूचं अंग होतं, डोकं होतं, पण हात नव्हते. हातांच्या जागी दोन पांढुरके फराटे. कुठला हात आधी उडाला, दोन्ही एकदम उडाले का, डोळे कुठे गेले, काही म्हणजे काही कळत नव्हतं.

हे मात्र मला कळलं. कापड भरधाव सोडलं की तुटका धागा दिसत नाही, नुसती करडी रेघ पळते. थांबवल्याशिवाय दोष दिसत नाही. कॅमेऱ्याचं पेडल कुठे आहे तेवढं शोधायचं होतं. मी पुस्तिका काढली. अर्धी पुस्तिका इफेक्टवर होती, ती पानं माझ्या बोटांनी मळलेली होती. पुढची कोरी करकरीत. तिथे शटर स्पीड सापडला. शटर जितकं झटकन उघडझाप करेल तितकं हलतं चित्र गोठल्यासारखं स्वच्छ येतं, असं लिहिलं होतं, आणि उदाहरण दिलं होतं गोल्फ आणि टेनिसचं. आमच्या घरात गोल्फ कोण खेळतंय. पण चित्रातला तो काठी फिरवणारा माणूस मी डोळे फाडून बघितला, त्याच्या काठीचं टोकसुद्धा दिसत होतं.

ठकूवर प्रयोग करता येत नव्हता, म्हणून दादाला पलंगावर बसवलं. नव्वद किलोचा माणूस, पहाटेपासून गाडी हाकून दमलेला. तो मान खाली टाकत होता आणि हात उडवत होता, हुबेहूब लेकीसारखा. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाला फराटे आले. अडीचशेव्या भागाला बोटं मोजता आली. पण ट्यूबलाइटमुळे चित्र धडधडत होतं, एकदा पिवळं, एकदा काळपट, मध्येच पट्टा. गिरणीत ट्यूब जुनी झाली की कापड असंच लपलपतं. पुस्तिकेतही बारीक अक्षरात तेच लिहिलेलं होतं, अशा दिव्याखाली शटर वाढवू नये, उजेड भरपूर हवा. मी दादाला सांगत होते, अजून एकदा कर, आता डावीकडे बघून कर, आणि तो करत होता. एरवी या प्रकारावर आठवडाभर हसलो असतो. दारात उभी असलेली वहिनी तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

गुरुवारी सकाळी मी घाण केली. ठकू सातला उठते. बाहेर ढगाळ होतं, खोलीत उजेड जेमतेम, आणि धूसर येईल या धास्तीने मी शटर पाचशेवर नेऊन ठेवलं. शटर झटकन मिटलं की उजेड कमी आत जातो, हे मी रात्रीच वाचलं होतं. वाचलेलं आणि घाबरलेल्या डोक्यात राहिलेलं यात फरक पडतो. चार सलाम झाले. वहिनी पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली, तिने हात लावला नाही. टेपवर अंधारात हलणारा अंधार आला.

"झालं ना तुझं?" वहिनी म्हणाली. "आता घेऊ का माझ्या मुलीला?"

मी मुकादमाला फोन करून सुट्टी सांगितली. तो कारण विचारत होता, मी फोन ठेवून दिला.

घरात ऊन येतं ते एकाच ठिकाणी, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, दुपारी दोननंतर. ढग अकरापर्यंत पांगले. आम्ही टेबल बाहेर काढलं आणि ओट्यासमोरच्या फरशीवर गादी घातली. ओट्याला टेकून डबे रचले आणि त्यांवर कॅमेरा ठेवला. शटर अडीचशेवर. मी स्वतःचा हात उन्हात हलवून दहा वेळा तपासलं. नखाखालचा मळसुद्धा दिसत होता. दादा फेरी दुसऱ्याच्या गळ्यात मारून बाराला घरी आला. दवाखाना पाऊण तासावर होता, म्हणजे चारला निघायलाच हवं.

आणि ठकू झोपेना. रोज एकला पेंगणारी मुलगी त्या दिवशी डोळे टक्क उघडे ठेवून छताकडे बघत होती. वहिनीने मांडीवर घेतलं, खांद्यावर घेतलं, दादाने फेऱ्या मारल्या. दीड वाजला, दोन वाजले. खिडकीतलं ऊन गादीवर येऊन पसरलं आणि गादी रिकामी. दोन वीसला एकदाची झोपली. वहिनीने तिला श्वास रोखून खाली ठेवलं.

मग नुसती वाट बघायची. जे कधी येऊ नये म्हणून माणूस देव पाण्यात घालून बसतो, तेच यावं म्हणून आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो होतो. नळ ठिबकत होता, दादाने त्याखाली फडकं ठेवलं. ऊन सरकायला लागलं तशी वहिनी गुडघ्यावर बसली आणि गादीची दोन टोकं धरून तिने ती वीतभर ओढली. ठकू हलली नाही. पाच मिनिटांनी पुन्हा वीतभर. मी कॅमेरा तेवढाच वळवत होते. तीन वाजून गेले होते आणि ऊन भिंतीशी पोचलं की पुढे ओढायला जागा नव्हती.

तीन वीसला ठकूने डोळे उघडले. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला.

ती उन्हात डोळे मिचकावत पडली. पाय वर उचलून तिने अंगठा धरला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. काही नाही. अगदी चांगली, धडधाकट, कुणाचीही असावी तशी मुलगी. दादा हळूच म्हणाला की आज नाही येत बहुतेक, आणि त्याच्या आवाजात आनंद होता की निराशा, त्यालाही माहीत नसावं. मला मात्र माझं माहीत होतं. माझी निराशा झाली होती. ती उन्हात पायाशी खेळत होती आणि मला त्याचा राग येत होता. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग तिची मान खाली गेली. दोन्ही हात उडाले.

वहिनी अर्धी उठली. "थांब," मी म्हणाले. ती थांबली. तिने ओट्याची कड पकडली, आणि मी एक डोळा कॅमेऱ्याला लावून दुसऱ्याने तिची बोटं पांढरी होताना पाहिली. दुसरा आला. तिसरा. प्रत्येकानंतर ठकू कळवळून रडायची आणि मान वळवून शोधायची, कोण आहे, कुणी आहे का. आई तिच्यापासून दोन हातांवर होती. चौथा, पाचवा. कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ होतं, तळहाताची रेघन् रेघ. सहाव्यानंतर ती थांबली. मला वाटलं, एवढ्यात संपलं, एवढ्यावर त्या फोन करतील का, हातांचं ठीक आहे पण डोळे एकदाच नीट दिसलेत. सातवा आला, आठवा आला. मी मोजत होते, बाकी माझ्या डोक्यात काही नव्हतं. चौदा झाले.

चौदाव्यानंतर वीस आकडे मोजून मी म्हणाले, घे. वहिनीने ठकूला उचललं आणि तशीच खाली बसली, भिंतीला पाठ लावून, तिचं डोकं हनुवटीखाली धरून. मी टेप मागे नेऊन तीन जागी तपासली. हात, डोळे, बोटं, सगळं होतं. तीन त्रेचाळीसला आम्ही पावाच्या गाडीत बसलो.

डॉक्टरबाईंची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. साडेचारला त्यांनी दिवा मालवून टीव्ही लावला. आधी त्यांनी आवाज बंद करून एकेक चित्र सरकवत पाहिलं. पहिला सलाम पाहिला, मग सहावा, मग नववा. पेन्सिलच्या टोकाने पडद्यावर दाखवलं, दोन्ही हात एकाच चित्रात उठतायत, डोळे वर जातायत. सुरुवात कधी झाली, त्यांनी विचारलं. दादा आणि वहिनी एकमेकांकडे बघू लागले. मी जुन्या टेपा काढून बघितल्या होत्या. पहिल्या सलामाच्या चित्राच्या कोपऱ्यात तारीख होती, इफेक्टनेही ती पुसली नव्हती. बावीस दिवस, मी म्हणाले. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी टेप मागे नेली. दोन सलामांमधलं तिचं रडणं कसं आहे ते ऐकायचंय, म्हणाल्या, आणि आवाज सुरू केला.

ठकू रडली. नळ ठिबकला. आणि मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळून कुणीतरी पुटपुटलं, "अजून एक, ठकू. अजून एक दे."

तो माझा आवाज होता. मी बोलत होते हे मला ठाऊकच नव्हतं. शपथेवर सांगते, मी फक्त मोजत होते. पण टेपवर ते होतं, सहाव्यानंतर, आठव्यानंतर, दहाव्यानंतरही, गयावया करणारं. डॉक्टरबाईंनी आवाज कमी केला नाही, त्या रडणं ऐकत होत्या. दादा बुटांकडे बघत होता. मी वहिनीकडे बघायचं टाळत होते, पण खोली केवढीशी. तिने ठकूला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मीपण मनात तेच म्हणत होते," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

डॉक्टरबाईंनी फोन उचलला.

शुक्रवारी सकाळी आठला आलेख निघाला आणि शंका खरी ठरली. दुपारी पहिलं इंजेक्शन दिलं. बावीस दिवस म्हणजे फार उशीर नाही, पण पुढचं कुणीच लिहून देऊ शकत नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं. नवव्या दिवशी दोन सलाम आले. दहाव्या दिवशी एकही आला नाही. तरी आम्ही बोललो नाही, नजर लागेल म्हणून नव्हे, पण बोलायचं धाडस होत नव्हतं. डॉक्टरबाई परत आल्यावर म्हणाल्या, तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच चित्रण करून आणा, झोपेतून उठल्यापासून.

म्हणून पुन्हा गादी फरशीवर आली, डबे रचले, शटर अडीचशेवर. ठकू अडीचला उठली. मी बटण दाबलं. ती उन्हात डोळे मिचकावत पडली, अंगठा धरला, तो तोंडात घालायचा प्रयत्न केला, जमला नाही, पुन्हा केला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. गादी ओढायला वहिनी वाकली तेव्हा ठकूने तिच्याकडे बघितलं आणि बघतच राहिली. ओठ जरा हलले. त्याला हसू म्हणावं का, आम्ही अजून भांडतो.

पंधरा मिनिटं झाल्यावर मी वहिनीला विचारलं, बंद करू का, डॉक्टरबाईंना एवढं पुरे.

"राहू दे चालू," ती म्हणाली.

टेप संपून आपोआप थांबेपर्यंत मी बटणाला हात लावला नाही.